शेगडी बोटीवरची, युक्ती बोयाची

झाकणाची गोल शेगडी जन्मली ती बोयातून! शिकागोच्या वेबर ब्रदर्स कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. तिथल्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 मध्ये बोया मधोमध कापला. खालच्या अर्ध्यात निखारे, वरचा अर्धा झाकण. वारा आला तरी राख उडेना. शिडाच्या बोटीसाठी शेगडी घ्यायची तर आधी झाकण बघा, ते याचसाठी.

जागेचं काय? गोव्यात बांधलेली ‘तारिणी’ 56 फुटी, तिच्यावरून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 2017-18 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. हौशी बोटी बहुतेक याहून बऱ्याच लहान, म्हणून शेगडी टांगायची थेट कठड्याबाहेर, तीही मागच्या टोकाला. नांगरलेली बोट आपलं नाक वाऱ्याकडे वळवते, त्यामुळे धूर मागच्या मागे निघून जातो आणि ठिणगी पडलीच तर पाण्यात. चालत्या बोटीवर मात्र शेगडी पेटवायचीच नाही.

आमचं उमरेड कोळशाच्या खाणीचं गाव, पण तो दगडी कोळसा इथे कामाचा नाही; त्याचा गंधकाचा धूर मासळीची चव घालवतो. हवा लाकडाचा, लोणारी कोळसा. तोही केबिनमध्ये कधीच नाही! त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, आणि तो जीव घेतो.

गॅस सोपा, पण एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळाशी साचून ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या खणात ठेवावा आणि त्या खणाच्या तळाचं भोक बोटीबाहेर उघडणारं असावं.

आता पोलाद. खाऱ्या हवेत 316 जातीचंच घ्या. त्यातलं मॉलिब्डेनम गंज रोखतं. चुंबक लावून पारख करणाऱ्यांनो, जरा थांबा: घट्ट चिकटलं तर ते 316 नव्हे हे खरं, पण स्वस्तातल्या 304 लाही ते चिकटत नाही. तेव्हा बिलावर जात लिहून घ्या. गोसेखुर्दच्या गोड्या पाण्यावर न्यायची असेल, तर 304 पुरे.

आणि वैदर्भी माणसाने दुकानात जाताना भरताचं मोठं वांगं सोबत न्यावं. जाळीवर ठेवून झाकण लावून बघा. बसलं नाही, तर दुसरी शेगडी काढायला सांगा.