गुंगी दिलेल्या जनावराची घरची शुश्रूषा

राखणीचा कुत्रा काय किंवा दावणीचा बैल काय, शेतकऱ्याच्या घरी दोन्ही घरच्या माणसांतच गणले जातात. रानडुकराने सुळा मारून कुत्र्यास फाडले, अथवा बैलाच्या शिंगास कर्करोग झाला, तर पशुवैद्य गुंगीचे औषध टोचून टाके घालतात किंवा शिंग कापून काढतात. चार गड्यांनी दोरखंडाने जनावर पाडून धरण्यापेक्षा ही रीत सर्वस्वी दयेची आहे, यात शंका नाही. परंतु टाके पडले म्हणजे काम संपले, अशी समजूत आमच्या पुष्कळ कास्तकार बंधूंत आढळते. ती धोक्याची होय. त्यानंतरचे कित्येक तास मालकाच्याच हाती असतात.

या कामी मुख्य तत्त्व एवढेच की, जनावराने डोळे उघडले म्हणजे त्याचा घसा पुरता जागा झाला, असे नव्हे. गुंगीत गिळण्याची क्रिया मंदावते. अशा वेळी तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत उतरते, व फुप्फुसांस सूज येऊन जनावर दगावते. आमच्या माहितीतील एका शेतकऱ्याच्या बैलाचे शिंग उत्तम प्रकारे काढले गेले. सायंकाळी घरातील वडीलधाऱ्यांनी मायेपोटी, अशक्तपणा जावा म्हणून, त्यास बांबूच्या नळीने गुळाचे पाणी पाजले. पाचव्या दिवशी जखम कोरडी होती, पण बैल गेला. पेरणी तोंडावर आली असता उरलेल्या बैलास जोड मिळविण्यासाठी त्या गृहस्थास कर्ज काढावे लागले. सबब दूध, तेल, गुळाचे पाणी यांपैकी काहीही पाजू नये. शुद्धीवर आणण्यासाठी कांदा हुंगविणे वा पाण्याचे हबके मारणे हेही करू नये.

कुत्र्यास खाटेवर किंवा ओट्यावर न ठेवता सपाट जमिनीवर गोणपाट अंथरून कुशीवर निजवावे. मान सरळ व जीभ बाहेर असावी. गुंगीत अंगाची ऊब राखण्याची शक्ती कमी होते. म्हणून थंडीत पांघरूण घालावे, व उन्हाळ्यात वारा खेळेल अशा सावलीत ठेवावे. गरम पाण्याची बाटली द्यावयाची तर ती जाड फडक्यात गुंडाळावी, नाही तर कातडी भाजते व जनावरास ते कळतही नाही. कुत्र्याच्या अंगाची उष्णता साधारणपणे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ती ९९ च्या खाली गेल्यास पशुवैद्यास कळवावे. मुले व इतर कुत्री दूर ठेवावीत, कारण अर्धवट शुद्धीतील गरीब कुत्राही दचकून धन्यास चावतो. तो न झोकांडता चालू लागला म्हणजे थोडे पाणी ठेवावे. ते पोटात टिकल्यास नेहमीच्या निम्म्याहून कमी अन्न द्यावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मुळीच देऊ नयेत. आयबुप्रोफेन कुत्र्यास घातक आहे, आणि मांजरास पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक होऊ शकते.

रवंथ करणाऱ्या जनावरांची गोष्ट निराळी. ती कुशीवर पडून राहिल्यास पोटातील वायू बाहेर पडत नाही व पोट फुगते. म्हणून बैलास छातीवर बसवून दोन्ही बाजूंस पेंढ्याची पोती लावावीत, व लाळ बाहेर गळावी यासाठी तोंड किंचित उतरते ठेवावे. चारापाणी तो स्थिर उभा राहून चालू लागल्यावरच द्यावे. झायलाझीन हे औषध गायीबैलांस घोड्याच्या सुमारे एकदशांश मात्रेतच पुरते. यावरून ते अंदाजाने टोचणे किती भयंकर, हे ध्यानी येईल. याच औषधाने लघवी फार होते, तिचे भय बाळगू नये. गाय गाभण असल्यास ते पशुवैद्यास आधीच सांगावे, आणि दुभती असल्यास किती दिवसांचे दूध वापरू नये, हे विचारून घ्यावे.

आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेले. तेव्हा तोंडी हिशेबावर आमचा विश्वास नाही. औषधाचे नाव, टोचल्याची वेळ, डोके कधी उचलले, उभे कधी राहिले, पाणी कधी प्याले, हे कागदावर मांडून ठेवावे. श्वास अडखळू लागला, हिरड्या पांढऱ्या वा निळसर दिसल्या, बैलाची डावी कूस फुगली, अथवा सांगितलेली वेळ टळूनही जनावर उठले नाही, तर रात्र आहे म्हणून थांबू नये. पशुवैद्यास तत्काळ गाठावे. तो न मिळाल्यास फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी असलेल्या १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. त्या वेळी हे टिपण पुढे ठेवल्यास उपचारास उशीर लागत नाही.

एक रात्र कंदील घेऊन जनावराजवळ बसणे कोणासही जड नाही. त्या रात्री हात आवरून नुसते लक्ष ठेवणे, हीच खरी सेवा होय.