दुर्बिणीविना नेम : ईशान्य अमेरिकेच्या जंगलातील हरणाची शिकार

रायफलच्या नळीच्या तोंडाशी उभी असलेली धातूची बारीक कणी, जिला मराठीत बंदुकीची माशी म्हणतात, आणि डोळ्याच्या बाजूला असलेली खाच किंवा भोक, ही दोन्ही एका रेषेत आणून नेम धरण्याच्या व्यवस्थेला शिकारीच्या परिभाषेत आयर्न साइट असे नाव आहे. रायफलवरच्या दुर्बिणीत लक्ष्य मोठे दिसते, अंधुक प्रकाशातही उजळ दिसते आणि नेमाची फुली लक्ष्याइतकीच स्पष्ट दिसते. आयर्न साइटमध्ये यांपैकी काहीही घडत नाही. तरीही अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हर्मॉन्ट आणि मेन या राज्यांत, तसेच न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत, दरवर्षी नोव्हेंबरमध्ये दुर्बीण न लावलेली रायफल घेऊन हरणामागे जाणारे शिकारी आढळतात. त्यांच्या या निवडीचे कारण बहुतेक वेळा जुन्याच्या ओढीत शोधले जाते, परंतु जंगलाची दाटी, रायफलची घडण आणि मानवी डोळ्याची मर्यादा या तीन गोष्टी लक्षात घेतल्या, तर त्या निवडीत भावनेपेक्षा हिशेबाचा भाग मोठा असल्याचे दिसते.

या प्रदेशातील शिकारीचे मुख्य जनावर म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. धोका जाणवताच शेपटी उभारून तिची पांढरी खालची बाजू दाखवत ते पळते, म्हणून त्याला हे नाव मिळाले. आज उत्तर अमेरिकेत ते विपुल असले, तरी एकोणिसाव्या शतकात जंगलतोड आणि अनिर्बंध शिकार यांमुळे व्हर्मॉन्टमधून ते जवळजवळ नाहीसे झाले होते. १८७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून १७ हरणे आणून तेथे सोडण्यात आली, संख्या वाढेपर्यंत शिकारीवर बंदी ठेवण्यात आली आणि १८९७ मध्ये मर्यादित हंगाम पुन्हा सुरू झाला. पुढे डोंगरउतारावरची शेती सोडली गेली आणि त्या जमिनीवर जंगल परत आले. आज राज्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश भूभागावर झाडी आहे. मेपल, बीच, स्प्रूस आणि फर यांच्या या दाट, पडक्या ओंडक्यांनी भरलेल्या जंगलात नजर क्वचितच शंभर मीटरांपलीकडे जाते, आणि शिकारीला हरीण दिसते ते बहुधा त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर, तेही झाडांच्या फटीतून, क्षणभर. माळरानावर तीनशे मीटरांवरचे जनावर टिपण्यासाठी जे साधन आवश्यक ठरते, ते येथे बऱ्याचदा वापरात येण्याआधीच संधी निघून जाते.

या जंगलाला साजेशी रायफलही हंगाम पुन्हा सुरू झाला त्याच काळात घडली. यूटा राज्यातील शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली आणि कनेक्टिकटमधील विंचेस्टर कंपनीने बाजारात आणलेली मॉडेल १८९४ ही रायफल आखूड, हलकी आणि हातात धरून दिवसभर चालण्याजोगी होती, आणि चापाभोवतीची कडी खाली-वर करून तिच्यात पुढचे काडतूस चढत असे. तिच्यासाठी १८९५ मध्ये आलेले ‘थर्टी-थर्टी’ हे काडतूस धूरविरहित दारू वापरणाऱ्या पहिल्या अमेरिकी शिकारी काडतुसांपैकी एक होते. नावातील पहिले तीस म्हणजे नळीचा इंचाच्या शंभराव्या भागांत मोजलेला व्यास आणि दुसरे तीस म्हणजे मूळ भरणीतील दारूचे ग्रेनमधील वजन. या घाटाच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या. तिची काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, त्यामुळे टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या स्फोटक टोपीवर दाबली जाण्याचा धोका असतो आणि म्हणून गोळीचे नाक चपटे ठेवावे लागते. चपटी गोळी हवेत लवकर मंदावते, आणि १०० यार्डांवर नेम बसवलेली ही रायफल २०० यार्डांवर सुमारे २० सेंटीमीटर खाली मारते. म्हणजे काडतुसाचा उपयुक्त टप्पा मुळातच मध्यम होता. शिवाय रिकामे काडतूस रायफलच्या माथ्यातून वर उडत असल्यामुळे दुर्बीण बसवायची ती जागाच अडत असे, आणि हा अडथळा कंपनीने दूर केला तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, रिकामे काडतूस तिरपे बाजूला टाकणारी रचना आणून. १९३० च्या दशकात बिल वीव्हर यांनी सामान्य शिकाऱ्याला परवडणाऱ्या दुर्बिणी विकायला सुरुवात केली होती आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या सर्वत्र पसरल्या, परंतु ज्या घरात आजोबांची विंचेस्टर होती त्या घरात आयर्न साइट टिकली ती पुष्कळ अंशी या यांत्रिक कारणामुळे, हे तिच्या चाहत्यांनी सहसा सांगितलेले आढळत नाही.

आयर्न साइटची खरी अडचण डोळ्याच्या पातळीवर सुरू होते. उघड्या साइटमध्ये नळीवर मागे इंग्रजी व्ही किंवा यू आकाराची खाच असते, तिच्या मध्यभागी माशी आणायची असते आणि माशी हरणाच्या खांद्यामागे टेकवायची असते. म्हणजे डोळ्यापासून सुमारे हातभर अंतरावरची खाच, पाऊण मीटरवरची माशी आणि पन्नास-शंभर मीटरांवरचे हरीण अशा तीन वस्तू एकाच वेळी पाहायच्या असतात. मानवी डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर नीट केंद्रित होते, म्हणून तिन्ही स्पष्ट दिसणे अशक्य आहे, आणि प्रशिक्षित नेमबाजाला पहिला धडा हाच मिळतो की माशी स्पष्ट ठेवावी, खाच थोडी धूसर होऊ द्यावी आणि लक्ष्यही धूसर होऊ द्यावे. हरीण समोर आले असता नजर हरणावर खिळवण्याचा मोह स्वाभाविक असतो, आणि चुकलेल्या नेमांपैकी मोठा भाग याच मोहातून येतो.

माशीच्या आकाराचाही हिशेब आहे. शिकारी रायफलीवरील माशीचा मणी बहुधा इंचाच्या सोळाव्या भागाइतका, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर रुंद असतो. डोळ्यापासून ७५ सेंटीमीटरवर धरलेला असा मणी १०० मीटरांवर सुमारे २१ सेंटीमीटर रुंदीचा भाग झाकतो. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा जो भाग लागल्यास जनावर लवकर मरते, त्याची रुंदीही साधारण २० सेंटीमीटर धरली जाते. याचा अर्थ असा की शंभर मीटरांवर मणी आणि मर्मभाग जवळजवळ एकमेकांवर बसतात, आणि त्यापुढे मणी मर्मभागाहून मोठा होऊन नेम नेमका कोठे आहे हे सांगता येईनासे होते. लहान मणी लांबवर बरा पडतो, पण झाडीत आणि सांजेला तो दिसत नाही. मोठा मणी चटकन दिसतो, पण लक्ष्य झाकतो. या देवाणघेवाणीतून सुटका नाही. हरिणाच्या शिकारीसाठी उघड्या साइटचा टप्पा शंभर मीटरांच्या आसपास मानला जातो, तो परंपरेने ठरलेला नसून या भूमितीने ठरलेला आहे.

पीप साइट, म्हणजे खाचेऐवजी लहान गोल भोकातून पाहण्याची व्यवस्था, ही यातील मोठी सुधारणा होय. विल्यम लायमन यांनी १८७९ मध्ये रायफलच्या दस्त्याच्या मानेवर बसणाऱ्या अशा साइटचे पेटंट घेतले आणि त्यांच्या नावाची कंपनी पुढे दीर्घकाळ या साधनांसाठी ओळखली गेली. भोक डोळ्याजवळ असल्यामुळे त्याची कड धूसर कड्यासारखी दिसते आणि तिच्याकडे लक्ष देण्याची गरज उरत नाही. डोळा प्रकाश सर्वांत जास्त असलेल्या मध्यबिंदूकडे आपोआप वळतो, त्यामुळे तीन वस्तू जुळवण्याऐवजी दोनच जुळवाव्या लागतात. दुसरा लाभ प्रकाशशास्त्रीय आहे : लहान छिद्रातून येणारे किरण कमी पसरतात, त्यामुळे माशी आणि हरीण ही दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, आणि चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागलेल्या शिकाऱ्याला हा लाभ विशेष मोलाचा वाटतो. तिसरा लाभ अंतराचा आहे. खाच आणि माशी यांत ४२ सेंटीमीटर अंतर असताना जुळवणीत पाव मिलिमीटरची चूक झाली तर गोळी १०० मीटरांवर सुमारे ६ सेंटीमीटर सरकते. मागची साइट डोळ्याकडे नेऊन हेच अंतर ५६ सेंटीमीटर केले, तर त्याच चुकीचा परिणाम साडेचार सेंटीमीटरांवर येतो. भोक जितके बारीक तितकी स्पष्टता अधिक आणि प्रकाश कमी, म्हणून जंगलात शिकारी लक्ष्यवेधाची बारीक चकती काढून टाकतात आणि मोठ्या भोकाने काम चालवतात. पातळ कडेच्या अशा मोठ्या भोकाला ‘घोस्ट रिंग’ म्हणतात. मराठी वाचकाला ही साइट अगदीच परकी नाही. ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत मोठे करून दाखवणारी दुर्बीण वापरण्यास मनाई आहे आणि तेथे याच तत्त्वाची, अधिक सूक्ष्म साइट वापरली जाते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये मिळवलेले जागतिक विजेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिळवलेले कांस्यपदक, ही दोन्ही भोकातून माशी पाहून ५० मीटरांवर मिळवलेली आहेत.

साइट बसवून काम संपत नाही. गोळी जेथे लागते तेथेच नेम दिसावा यासाठी ती जुळवावी लागते. नियम सोपा आहे : गोळी ज्या दिशेला सरकायला हवी त्या दिशेला मागची साइट सरकवावी, आणि पुढची सरकवायची झाल्यास उलट दिशेला. एवढे करूनही उन्हाचा खोडसाळपणा उरतो. गोलसर पितळी मण्यावर उजवीकडून ऊन पडले की त्याची उजवी कड चमकते, डोळा त्या चमकेलाच मध्य समजतो आणि गोळी डावीकडे जाते. म्हणून मण्याचा दर्शनी भाग सपाट ठेवणे, माशीवर टोपण बसवणे किंवा तिच्यावर काजळी धरणे असे उपाय जुन्या काळापासून चालत आले आहेत.

पडत्या बर्फात मात्र आयर्न साइट आपले मोल दाखवते. दुर्बिणीच्या काचेवर बर्फ साचतो, उबदार श्वासाने ती धुरकट होते आणि तिचे दृष्टिक्षेत्र अरुंद असल्यामुळे झाडांमधून पळणारे हरीण तिच्यात सापडण्यास वेळ लागतो. पीप साइटच्या भोकातला बर्फ फुंकरीने निघतो. व्हर्मॉन्टचे लॅरी बेनॉइट आणि त्यांचे पुत्र बर्फातल्या ठशांवरून एकाच नर हरणाचा मैलोन्‌मैल माग काढण्याबद्दल अमेरिकाभर ओळखले जात आणि पीप साइट लावलेली पंपाची, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस चढवायची, रायफल ही बेनॉइट यांची ओळखच होती. अशा शिकारीत दिवसाचे अनेक तास चालण्यात जातात आणि गोळी झाडण्याचा निर्णय एक-दोन सेकंदांत घ्यावा लागतो, म्हणून रायफल खांद्याला लावताच दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम दिसणे हे नेमाच्या कमाल अचूकतेपेक्षा महत्त्वाचे ठरते.

उणीवही तेवढीच ठळक आहे. हरणे पहाटे आणि सांजेला सर्वाधिक हालचाल करतात, आणि व्हर्मॉन्टसह अनेक राज्यांचे नियम सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडण्यास परवानगी देतात. त्या अर्ध्या तासांपैकी बराच काळ काळी माशी काळ्या झाडोऱ्यात दिसतच नाही. प्रकाश गोळा करणाऱ्या रंगीत तंतूंच्या माशीने काही मिनिटे मिळतात, त्याहून अधिक नाही. शिंगे मोजून नर ओळखणेही उघड्या डोळ्यांनी कठीण असते, म्हणून गळ्यात हाताची दुर्बीण बाळगावी लागते. आयर्न साइटने केलेली शिकार अधिक शुद्ध असते असा दावा तिचे कट्टर पुरस्कर्ते करतात. तो मान्य करणे अवघड आहे, कारण जखमी होऊन पळालेल्या हरणाला शिकाऱ्याच्या तत्त्वनिष्ठेचा काहीही उपयोग नसतो, आणि दीडशे मीटरांवर आयर्न साइटने झाडलेली गोळी ही दुर्बिणीतून झाडलेल्या गोळीपेक्षा अधिक निष्काळजी असू शकते. जवळ जाण्याचे बंधन जो पाळतो त्याच्याच हाती हे साधन सुरक्षित राहते.

हे बंधन काही राज्यांनी कायद्यातच घातले आहे. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी भरायच्या बंदुकांसाठी अमेरिकेत वेगळे हंगाम असतात. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम आहे, कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात बंदुकीवर दुर्बीण चालत नाही, आणि यूटा राज्याने काही वर्षे दिलेली मोकळीक मागे घेऊन २०२४ मध्ये या हंगामात मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीवर पुन्हा बंदी आणली. साधन मर्यादित ठेवले की यशाचे प्रमाण कमी राहते आणि अधिक लोकांना परवाने देता येतात, हा या नियमांमागचा प्रशासकीय विचार आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणांची शिकार बंद असल्यामुळे येथे हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या देशात ती कायदेशीर आहे तेथे मात्र निवाडा जागेनुसार करावा लागतो : मोकळ्या माळरानावर आयर्न साइटचा आग्रह धरणे हा जनावरावर अन्याय आहे, आणि शंभर मीटरांच्या आत नजर अडवणाऱ्या बर्फाळ जंगलात, भरदिवसा, सराव असलेल्या हातात, पीप साइट लावलेली साधी रायफल दुर्बिणीपेक्षा कमी प्रतीची ठरत नाही.