तिथींचे वतन: फ्रान्सिस्कन संघाचे उपासना-वर्ष

आपल्याकडे संतांची आठवण बहुधा पुण्यतिथीने निघते; कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत आणि फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत जी गर्दी लोटते, तिच्यातल्या वारकऱ्याला ज्ञानोबांची किंवा तुकोबांची जन्मतिथी विचारली तर तो क्षणभर अडखळेल, परंतु त्यांच्या प्रयाणाची तिथी त्याच्या जिभेवर असते. कॅथलिक पंचांगाची घडण नेमकी अशीच आहे. येशू, त्याची माता मरिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान, हे तिघे वगळले तर या पंचांगात कोणाचाही जन्मोत्सव होत नाही. बाकी बहुतेक संतांचा सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशी, आणि गंमत अशी की जुन्या लॅटिन परिभाषेत त्या दिवसालाच जन्मदिवस म्हणण्याची वहिवाट आहे, कारण स्वर्गातला जन्म तोच खरा, अशी त्यामागची श्रद्धा.

या सर्वसाधारण पंचांगाच्या पोटात प्रत्येक धर्मसंघाचे आपले एक निराळे पंचांग असते. दरवर्षी मठामठांतून एक लहानशी पुस्तिका हाताळली जाते. आजचा दिवस कोणत्या दर्जाचा, मिस्सेच्या वेळी झगा पांढरा, जांभळा, तांबडा की हिरवा, वाचने कोणती, याचा तपशील तीत तारीखवार असतो, आणि आपल्या घरातल्या पंचांगाप्रमाणेच ती वर्षभर खुंटीजवळ पडून मळकट होत जाते. सणांतही दरबारी मानमरातबासारखी उतरंड आहे: महोत्सव, सण, स्मरणदिन आणि वैकल्पिक स्मरणदिन. असिसीच्या संत फ्रान्सिसला चर्चच्या सर्वसाधारण पंचांगात नुसत्या स्मरणदिनाचा मान आहे. त्याच्या स्वतःच्या संघात मात्र ४ ऑक्टोबर हा महोत्सव. घरच्या माणसाला घरात पाट मोठा, हे ओघानेच आले.

फ्रान्सिस्कन संघाचेच पंचांग येथे विचारात घेण्याचे एक कारण आहे. ख्रिस्ती धर्मसंघ पुष्कळ झाले आणि त्यांतल्या कित्येकांनी जमिनी, गिरण्या, द्राक्षमळे व ग्रंथसंग्रह यांची मोठी मिळकत केली. परंतु १२२३ च्या २९ नोव्हेंबरला पोप तिसरे होनोरियस यांनी ज्या नियमावलीवर शिक्कामोर्तब केले, तिच्यात फ्रान्सिसने घर, जागा किंवा कोणतीही वस्तू आपली म्हणण्याची आणि नाणे हातात घेण्याची बंधुजनांना स्पष्ट मनाई केली होती. पुढे या कलमाचा अर्थ काय यावरून संघात एवढी भांडणे झाली की त्याच्या शाखा फुटल्या. आजही मूळचे लघुबंधू, कॉन्व्हेंच्युअल आणि कापुचिन अशी तीन घराणी नांदत आहेत. पण ज्या कुळाला सातबाराच नको होता, त्या कुळाने वारशाने पुढच्या पिढीच्या हाती ठेवले तरी काय? माझ्या मते मुख्यतः तारखा ठेवल्या. तिथी हेच या संघाचे वतन, आणि ते कोणत्याही सरकारला जप्त करता आलेले नाही.

रोजच्या उपासनेपासून आरंभ करू. मठवासी परंपरेत दिवसाचे प्रहर पाडून स्तोत्रे म्हणण्याचा प्रघात फार जुना. परंतु बेनेडिक्टच्या मठातला साधू एका जागी स्थिर, तर फ्रान्सिसचा बंधू वाटेवरचा, आणि खांद्यावर जाडजूड पोथ्या घेऊन वाट कशी तुडवणार? म्हणून नियमावलीने पुरोहितवर्गातल्या बंधूंना रोमच्या दरबारी चर्चचा प्रार्थनाक्रम लावून दिला, जो एका सुटसुटीत ग्रंथात मावत असे. आणि हे भटके बंधू युरोपभर हिंडल्यामुळे रोमचा तो क्रमही त्यांच्या झोळीतून गावोगाव पोहोचला. बाकीच्या साध्या बंधूंसाठी त्याहून सोपी तजवीज होती: ‘आमच्या स्वर्गीय बापा’ ही एकच प्रार्थना, पहाटेपूर्वी २४ वेळा, पहाटे ५ वेळा, दिवसाच्या चार प्रहरांना प्रत्येकी ७ वेळा, सायंकाळी १२ आणि निजण्यापूर्वी ७ वेळा. बेरीज ७६ होते. हरिपाठ मुखोद्गत असलेल्या आणि माळेच्या मण्यांवर नाम मोजणाऱ्या माणसाला हा हिशेब परका वाटू नये.

वर्षाची उभारणी पाहिली तर सणांपेक्षा उपवासच अधिक डोळ्यांत भरतात. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ साऱ्या चर्चचाच. त्याची तारीख चंद्रावर अवलंबून असल्याने, म्हणजे वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर असा नियम असल्याने, हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेत मागेपुढे सरकत राहतो, आणि त्याच्याबरोबर निम्मे वर्ष सरकते. फ्रान्सिसच्या नियमाने यात १ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंतच्या दुसऱ्या उपवासाची भर घातली आणि ६ जानेवारीनंतरचा चाळीस दिवसांचा तिसरा उपवास ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडला. स्वतः फ्रान्सिसचे एवढ्यानेही भागत नसे. १५ ऑगस्टच्या मरियेच्या स्वर्गारोहणापासून २९ सप्टेंबरच्या संत मायकेलच्या सणापर्यंत तो आणखी एक व्रत पाळी. आपल्या चातुर्मासाचे गणित त्याच्यापुढे फिकेच म्हणायचे.

१२२४ साली हे शेवटचे व्रत चालू असताना ला वेर्नाच्या डोंगरावर, क्रुसाच्या उत्सवाच्या सुमारास, त्याच्या हातापायांवर आणि कुशीवर येशूच्या पंचक्षतांच्या खुणा उमटल्या असे चरित्रकार सांगतात. क्रुसाचा उत्सव १४ सप्टेंबरला.  संघ मात्र पंचक्षतांचा सण १७ सप्टेंबरला साजरा करतो. 

परंतु ज्याने एवढे उपवास केले, त्याला सणाचा अर्थ कळत नव्हता असे कोणी समजू नये. नाताळ हा त्याच्या लेखी सणांचा सण. एका वर्षी नाताळ शुक्रवारी आला, आणि शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून एका बंधूने शंका काढली, तेव्हा फ्रान्सिस उसळून म्हणाला की आजच्या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावे, आणि त्यांना खाता येत नसेल तर निदान वरून चोपडावे तरी. बादशहाशी बोलायची संधी मिळाली, तर नाताळच्या दिवशी रस्त्यांवर पाखरांसाठी, विशेषतः चंडोलांसाठी, दाणे टाकावेत आणि बैलगाढवांना जादा वैरण घालावी असा हुकूम सुटावा, अशी विनंती करण्याचा त्याचा मानस होता. नियमावलीला मान्यता मिळाल्याला महिनाही झाला नव्हता, तोच १२२३ च्या नाताळच्या रात्री रिएती खोऱ्यातल्या ग्रेच्चो गावी त्याने एका ओळखीच्या गृहस्थाकरवी गव्हाण, गवत, खराखुरा बैल आणि गाढव अशी तयारी करवली, गव्हाणीवरच मिस्सा झाली, आणि पुरोहित नसलेल्या, दीक्षित सेवक एवढाच अधिकार असलेल्या फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन दाखविले. गावकरी मशाली घेऊन जमले होते. त्या गव्हाणीतले गवत लोकांनी पुढे आजारी गुरांना घातले असेही चरित्रात आहे. अंगारा जपून नेणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. वसईच्या वाड्यांतून आणि गोव्याच्या अंगणांतून डिसेंबरात जे गोठे उभे राहतात, त्यांच्या परंपरेला सर्वांत मोठी चालना मिळाली ती या रात्रीने.

वसंत आणि उन्हाळ्यातल्या तिथी भराभर सांगता येतील. पोप तिसरे इनोसंट यांनी १२०९ साली तोंडी संमती दिली, तिच्या स्मरणार्थ १६ एप्रिलला बंधुजन आपल्या व्रतांचा पुनरुच्चार करतात. पेन्टेकॉस्टच्या सणाला पूर्वी पोर्झियुंकुलाच्या चिमुकल्या देवळाभोवती संघाची महासभा भरे, आणि १२२१ च्या अशाच सभेला लिस्बनचा एक तरुण बंधू कोणाच्या खिजगणतीत नसलेला येऊन बसला होता. दहा वर्षांनी, १२३१ च्या १३ जूनला, तो पाडुआजवळ वारला आणि वर्ष पुरे होण्याच्या आत संतपदी बसला. हाच संत अँथनी. बारदेशात शिवोलीच्या चर्चमध्ये त्याच्या मूर्तीच्या हाती दोरीने बांधलेला साप आहे. चर्चच्या बांधकामात विघ्न आणणाऱ्या नागाला त्याने आवरले अशी तिथली आख्यायिका, आणि १३ जूनच्या पावसाळी सकाळी ती मूर्ती पाहताना, हा संत लिस्बनचा असला तरी साप आपल्याच रानातला, हे मनाला पटते. ऑगस्टच्या १ तारखेच्या मध्यान्हापासून २ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत असिसीच्या क्षमापर्वाची मुदत. ११ ऑगस्टला संत क्लारा. क्लारेने स्त्रियांच्या संघासाठी स्वतः लिहिलेल्या नियमावलीला पोपची सनद मिळण्यासाठी आयुष्यभर वाट पाहिली. सनद निघाली ती १२५३ च्या ९ ऑगस्टला, आणि ११ ला ती गेली.

वर्षाचा कळस ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी येतो. फ्रान्सिस १२२६ साली त्या तारखेला सूर्यास्तानंतर गेला. परंतु चर्चचा सण आदल्या सायंप्रार्थनेपासून सुरू होत असल्याने तिथी धरली जाते ती ४ ऑक्टोबर. आपण सूर्योदयाची तिथी पाहतो, हे लोक सूर्यास्ताची. त्या संध्याकाळी मठाच्या मंदिरात दिवे मंद करून त्याच्या अंतकाळाची हकीकत वाचली जाते: उघड्या जमिनीवर ठेवा म्हणून त्याने केलेली विनवणी, त्याने म्हटलेले स्तोत्र, त्याने वाचून घेतलेला योहानाच्या शुभवर्तमानातला पाय धुण्याचा प्रसंग, आणि छपरावर संधिप्रकाशात घिरट्या घालणारे चंडोल. यानंतर पुष्कळ मठांत बदामाची मिठाई वाटतात. याकोबा नावाची एक रोमन सरदारीण त्याची स्नेही होती. मरणाच्या दारात असताना त्याने तिला पत्र घालून प्रेताचे वस्त्र, मेणबत्त्या, आणि रोमला आजारी असताना ती खाऊ घालीत असे ती बदामाची वडी आणायला सांगितले. जन्मभर अन्नात राख मिसळून खाणाऱ्या माणसाला शेवटी गोड खावेसे वाटले, हे संघाने लपवले नाही. उलट त्याचा प्रसाद केला. माझ्या दृष्टीने या पंचांगातली सर्वांत मोठी गोष्ट ही. २०२६ च्या ३ ऑक्टोबरला त्या संध्याकाळला आठशे वर्षे होतात.

मराठी वाचकाने आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी: ६ फेब्रुवारी. वसईत पोर्तुगीज बाप आणि इथल्याच आईच्या पोटी जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानात जाऊन व्यापारात शिरला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, आणि जपानी भाषा येत असल्याने मनिलाहून आलेल्या वकिलातीत जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर दुभाषा म्हणून उभा राहिला. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीच्या टेकडीवर ज्या २६ जणांना क्रुसावर मारले, त्यांत तो होता. ५ तारीख संत अगाथेची असल्याने स्मरण दुसऱ्या दिवशी होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले, आणि वसईच्या मातीला भारतातला पहिला संत मिळाला. संघात तो पुरोहित नव्हता, साधा बंधू होता. तेव्हा नियमाप्रमाणे त्या शहात्तर प्रार्थनांचीच मोजणी त्याच्या वाट्याला आली असावी.

ज्या वसईतून तो निघाला, तेथील किल्ल्यात संत अँथनीच्या नावाचे फ्रान्सिस्कनांचे मंदिर आणि मठ आज छपरावाचून उभे आहेत; कमानी शाबूत, पायाखाली थडग्यांच्या शिळा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तहाप्रमाणे फिरंगी निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर हे मठही ओस पडले. गोव्यात तीच गोष्ट निराळ्या हाताने झाली: १८३४ साली खुद्द पोर्तुगालच्या सरकारने फर्मान काढून पुरुषांचे धर्मसंघ मोडले, दुसऱ्या वर्षी गोव्यात त्याची अंमलबजावणी झाली, आणि पिलारच्या टेकडीवरचा १६१३ सालचा मठ रिकामा झाला. पण या मठाच्या आश्रयाने संघाच्या तिसऱ्या, म्हणजे प्रापंचिक लोकांच्या शाखेने संतांची मिरवणूक सुरू केलेली होती. मध्यंतरी ती खंडली, मूर्तींची पडझड झाली, परंतु ती पुन्हा उभी राहिली आणि आज जुन्या गोंयच्या नव्हे, तर गोवा वेल्ह्याच्या संत आंद्रेच्या चर्चमधून निघते. अंगावर कापडी वस्त्रे ल्यालेले संत एकामागून एक खांद्यांवरून जातात, मागून मेणबत्त्या, आणि उन्हाळा तोंडावर आलेला असल्याने जत्रेत हातपंख्यांची विक्री चांगली होते.

ही मिरवणूक ज्यांना पाहायची असेल, त्यांनी ईस्टरच्या तारखेतून तेरा दिवस वजा करावेत. तो सोमवार येतो. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे मिरवणूक १५ मार्चला. गोवा वेल्हा पणजीहून मडगावच्या हमरस्त्यावर लागते. संध्याकाळ होण्यापूर्वी पोहोचावे, नंतर उभे राहायला जागा मिळत नाही.