मुधोळ कुत्र्याचा सडपातळपणा : जातीचा गुण की रोगाचे लक्षण?

कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपडे घराण्याचे जुने मराठा संस्थान. तेथील श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी परिसरातील शिकारी कुत्र्यांची निवडक पैदास करून या जातीला नावलौकिक मिळवून दिला. महाराष्ट्रात हाच कुत्रा ‘कारवान’ या नावानेही ओळखला जातो. भारतीय टपाल खात्याने 2005 मध्ये देशी श्वानजातींवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळचा समावेश होता. मुधोळजवळील तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र या जातीवर काम करते.

शेताची राखण करणारा हा कुत्रा आता शहरांतही पाळला जातो. बेंगळुरूतील चामराजपेटसारख्या जुन्या, दाट वस्तीत तो मालकासोबत फिरताना दिसला, की ‘याला खायला घालत नाहीत का?’ अशी शंका पाहणाऱ्याच्या मनात येते. खेड्यात नेमके उलट घडते. कुत्रा खरोखर खंगत असला, तरी ‘ही जातच अशी’ म्हणून दुर्लक्ष होते. पहिल्या गैरसमजापायी निरोगी कुत्रा लठ्ठ होतो, तर दुसऱ्यापायी आजारी कुत्र्याचे उपचार लांबतात.

नेहमीची मोजपट्टी कोठे अपुरी पडते?

कुत्र्याची शरीरस्थिती ठरविण्यासाठी पशुवैद्यक 1 ते 9 गुणांची मोजपट्टी वापरतात. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे अतिलठ्ठ आणि 4 ते 5 म्हणजे योग्य. वरून पाहिल्यास कंबर व बाजूने पाहिल्यास आत गेलेले पोट, या योग्य वजनाच्या प्रमुख खुणा मानल्या जातात. तथापि, मुधोळची छाती मुळातच खोल आणि पोट आत ओढलेले असते. वजन थोडे वाढले तरी या खुणा टिकून राहतात. शेवटच्या दोन-तीन बरगड्यांची रेषा आणि कमरेच्या हाडांची टोके किंचित दिसणे हेही या जातीत स्वाभाविक आहे. म्हणून केवळ नजरेने केलेला अंदाज फसवा ठरतो.

हाताने करावयाची तपासणी

बरगड्यांवरून तळहात हलकेच फिरवावा आणि स्वतःच्या हाताशी तुलना करावी. मूठ वळल्यावर बोटांच्या उंचवट्यांवर हात फिरवला असता लागते तसे टोकदार हाड लागल्यास कुत्रा फार कृश आहे. पंजा सरळ ठेवून त्याच्या पाठीमागील बाजूवर लागते तसे, पातळ थराखालचे हाड सहज जाणवल्यास स्थिती योग्य समजावी. तळहाताच्या मांसल भागाप्रमाणे बरगड्या दाबूनच शोधाव्या लागत असतील, तर चरबी जास्त आहे.

यानंतर स्नायू तपासावेत. या जातीत निर्णायक खूण हीच होय. निरोगी मुधोळच्या अंगावर चरबी कमी असली, तरी मांड्या घट्ट व भरीव असतात आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचा भर असतो. कण्यालगत खळगे पडणे, खांद्याची हाडे उघडी दिसणे, कानशिले आत जाणे ही स्नायू झिजल्याची लक्षणे आहेत. अशा कुत्र्याला ‘सडपातळ’ न म्हणता ‘आजाराची शक्यता असलेला’ असे समजावे.

कुत्रा धावतो, म्हणून तो निरोगी आहे, असेही मानू नये. शिकारी जातीचा कुत्रा सावज दिसताच अशक्त असतानाही झेप घेतो. धावल्यानंतर तो किती वेळाने सावरतो, त्याच्या हिरड्या गुलाबी आहेत की फिकट, केसांना तकाकी आहे का, याकडे लक्ष द्यावे.

झिजेमागील परजीवी

भूक चांगली असूनही वजन घटत असल्यास प्रथम परजीवींचा विचार करावा. अंकुशकृमी आतड्यात रक्त शोषतात. पिसू गिळल्याने पट्टकृमीची लागण होते. सर्वांत दुर्लक्षित राहते ती तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. तिच्या चाव्यातून एर्लिचिया व बॅबेसिया या रोगकारकांचा प्रसार होतो. एर्लिचियाची लागण काही महिने लक्षणांविना राहू शकते. पुढे वजन घटणे, फिकट हिरड्या, नाकातून रक्त येणे अशी लक्षणे दिसतात.

ही गोचीड अळी, पिल्लू व प्रौढ या तिन्ही अवस्थांत मुख्यतः कुत्र्याचेच रक्त शोषते आणि प्रत्येक वेळी खाली उतरून भिंतीच्या फटीत कात टाकते. मादी हजारो अंडी अशाच आडोशाला घालते. त्यामुळे केवळ कुत्र्याच्या अंगावरील गोचीड काढून भागत नाही. बसण्याची जागा, गोठ्याच्या भिंतींच्या फटी व अंथरूण यांचीही स्वच्छता आवश्यक आहे. पिकांवरील कीटकनाशके कुत्र्याच्या अंगावर कदापि वापरू नयेत. विषबाधेचा धोका असतो. औषध व मात्रा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी.

आहार व नोंद

केवळ भाकरी-दुधावर ठेवलेल्या कुत्र्यास स्नायूंसाठी पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. अंडी किंवा शिजवलेले मांस यांची जोड द्यावी. मात्र बरगड्या झाकण्यासाठी खाऊ घालू नये. अमेरिकेत 48 लॅब्राडोर कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेल्या अभ्यासात 25 टक्के कमी आहार मिळालेली, सडपातळ राहिलेली कुत्री सरासरी सुमारे 1.8 वर्षे अधिक जगली.

दर महिन्याला एकाच वजनकाट्यावर वजन घ्यावे. आधी स्वतःचे, मग कुत्र्याला उचलून घेऊन दोघांचे, आणि फरक वहीत लिहावा. आहार व काम तेच असताना दहा टक्के घट, म्हणजे 25 किलोच्या कुत्र्यात अडीच किलो, दिसल्यास विष्ठा व रक्ताची तपासणी करून घ्यावी. त्या वेळी जात आवर्जून सांगावी, कारण ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या शिकारी जातींत लाल पेशींचे प्रमाण स्वभावतःच जास्त असते आणि इतर कुत्र्यांचे निकष तंतोतंत लागू पडत नाहीत. अंगावर चरबी कमी असल्याने काही भूल औषधांचा असर त्यांच्यात लांबतो. शस्त्रक्रियेपूर्वी हेही लक्षात आणून द्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी जनावरांच्या लसीकरण शिबिरांत राखणीच्या कुत्र्यांचीही बरगड्या, पाठ व हिरड्या अशी तपासणी करावी. त्यास दोन मिनिटे पुरतात आणि वेगळे साधन लागत नाही.