मीटरवरचे ६० आणि रस्त्यावरचे ६०

समजा, तुम्ही पेणहून रोह्याला निघालात. भिसे खिंडीतून गेलं तर अंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. बाइकच्या डिजिटल मीटरवर आकडा दिसतोय, रेंज ६० किलोमीटर. पेट्रोलने शंभरी ओलांडलीय आणि महिनाअखेर आहे. साहजिकच तुम्ही मनात हिशोब मांडता, ‘पंधरा किलोमीटर वर उरतायत, पेट्रोलचं रोह्यात बघू!’ वडखळला ट्रॅफिक लागतं. पुढे कुठे डायव्हर्जन, कुठे खड्डे. नागोठणं येईपर्यंत २६ किलोमीटर झालेत आणि मीटरवर उरलेत फक्त २२. म्हणजे गाडी धावली २६, रेंज मात्र घटली ३८!

मग मीटर खोटं बोललं का? नाही. त्याने ‘पुढे काय होईल’ हे सांगितलंच नव्हतं. ‘आतापर्यंत चाललीय तशीच गाडी चालली तर’ एवढंच तो सांगत होता. हे ‘तर’ स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून आपण फसतो.

एक गुणाकार, दोन अंदाज

रेंजचं गणित शाळेतलं आहे. टाकीत उरलेलं पेट्रोल गुणिले गाडीचं अ‍ॅव्हरेज. आपल्या उदाहरणात टाकीत १.२ लिटर होतं आणि आधीचं अ‍ॅव्हरेज ५०. झाले ६०. ट्रॅफिकमध्ये अ‍ॅव्हरेज ४० वर आलं. २६ किलोमीटरला ०.६५ लिटर गेलं, उरलं ०.५५. आता ०.५५ गुणिले ४०, म्हणजे २२. मीटरचं गणित पक्कं आहे. पण त्यात घातलेले दोन्ही आकडे अंदाजाचेच असतात.

पहिला अंदाज पेट्रोलचा. टाकीत एका दांडीला तरंगणारा फ्लोट असतो. पेट्रोलची पातळी जशी खाली जाते तसा तो खाली येतो आणि सेन्सर मीटरला सिग्नल देतो. पण टाकी काही चौकोनी डबा नसते. बाइकच्या टाकीला खाच असते, फुगवटे असतात. शिवाय चढाला पेट्रोल मागे सरकतं, खड्ड्यांत हिंदकळतं, साइड स्टँडवर एका बाजूला जमतं. म्हणून मीटर थोड्या वेळाची सरासरी काढून आकडा दाखवतं. टाकीत भरपूर पेट्रोल असताना अर्ध्या लिटरची चूक कळतही नाही. गाडी रिझर्व्हला लागल्यावर तीच चूक पंचवीस किलोमीटरची होते. म्हणजे आपल्याला आकड्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो सगळ्यात कच्चा असतो.

दुसरा अंदाज अ‍ॅव्हरेजचा. इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला आणि तेवढ्यात गाडी किती धावली, यावरून ते निघतं. त्यासाठी मागचे किती किलोमीटर धरायचे, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. म्हणून दोन गाड्यांचे आकडे एकाच रस्त्यावर वेगवेगळे वागतात. एकाचा आकडा भिसे खिंडीच्या चढाला धाडकन पडतो आणि उतारावर वाढतोसुद्धा. दुसऱ्याचा फारसा हलत नाही. आकडा वाढला म्हणजे पेट्रोल वाढलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

मित्राची गाडी, मित्राचा आकडा

अ‍ॅव्हरेज मागच्या प्रवासाचं असतं, म्हणजे ते मागच्या चालवणाऱ्याचं असतं. मित्र रोज पन्नासच्या स्पीडने एकटा कॉलेजला येतो. तुम्ही त्याची बाइक घेऊन, मागे कुणाला तरी बसवून, ऐंशीने कोलाडकडे सुटलात तर ती रेंज तुमची नाहीच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पन्नासऐवजी ऐंशीने गेलात तर तो अडीचपट होतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर आणखी फटका.

ट्रॅफिकचं तर विचारूच नका. गाडी उभी, इंजिन चालू. पेट्रोल जातंय आणि किलोमीटर शून्य. मुंबई-गोवा हायवेच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतर गणपतीत या रस्त्यावर काय होतं, हे पेण-रोहेकरांना सांगायला नको. त्या आठवड्यात मागच्या आठवड्याची रेंज धरून निघू नका.

इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनो, हसू नका. तुमचं गणितही हेच, फक्त पेट्रोलच्या जागी बॅटरी. जाहिरातीतली प्रमाणित रेंज ठरावीक वेगाच्या, ठरावीक चाचणीतून आलेली असते. त्या चाचणीत सुकेळी खिंडही नसते आणि मागे बसलेला मित्रही.

शून्यानंतर काय?

‘शून्य दाखवलं तरी दहा-पंधरा किलोमीटर जाते रे!’ कट्ट्यावर हे सांगणारा एक तरी असतोच. कधी कधी जातेही, कारण कंपन्या सहसा थोडं पेट्रोल राखून शून्य दाखवतात. पण किती, याची हमी नसते. बाबांच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला रिझर्व्हचा कॉक होता. तो फिरवला की टाकीच्या तळाशी राहिलेलं पेट्रोल मिळायचं. तो अंदाज नव्हता, खरंखुरं पेट्रोल होतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि बाइकमध्ये फ्युएल इंजेक्शन सर्रास झालं. कॉक गेला, आकडा आला. या गाड्यांचा पंप टाकीतच असतो आणि त्याला थंड ठेवण्याचं कामही पेट्रोलच करतं. टाकी वारंवार कोरडी केलीत तर पंपाचा खर्च अंगावर येतो. वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा तो कितीतरी जास्त असतो.

आणि पावसात, रात्री, खिंडीत गाडी बंद पडली तर? प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंपवाले नकार देतात, आणि ते बरोबरच आहे. मग गाडी ढकलायची किंवा अंधारात मित्राची वाट बघत थांबायचं. वळणावरून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसालच असं नाही.

तुमचा आकडा तुम्हीच काढा

टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. नेहमीसारखी गाडी चालवा. दीडदोनशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत पुन्हा फुल करा. समजा १८० किलोमीटरला ४ लिटर बसलं, तर तुमचं खरं अ‍ॅव्हरेज ४५. मीटर ५० दाखवत असेल, तर त्याचे ६० म्हणजे तुमचे ५४. दोनतीनदा करून बघा, गाडीचा स्वभाव कळेल.

तोपर्यंत सोपा नियम: दाखवलेल्या रेंजमधून पाव भाग वजा करा. उरलेल्या आकड्यात गाव बसतं का हे न बघता पुढचा पंप बसतो का, ते बघा. रात्र, पाऊस किंवा घाट असेल तर अर्धाच आकडा धरा. आणि मित्राची गाडी घेताना ‘रेंज किती दाखवतेय?’ असं विचारू नका. ‘शेवटचं पेट्रोल कधी टाकलंस आणि कितीचं?’ हे विचारा. ते उत्तर जास्त खरं असतं.