बॉनेटखालचं कार्बन फायबर

कडोलीसारख्या गावात घरच्या घरी इंजिनच्या वरच्या झाकणावर कार्बन फायबरचं कापड चढवायचं असेल, तर पावसाळा टाळा. बेळगाव भागातल्या त्या दमट हवेत इपॉक्सी रेझिनवर चिकट, धुरकट साय धरते.

आधी झाकणाची मागची बाजू पाहा. तिथे ‘पीपी’ असा ठसा असेल, तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याला इपॉक्सी नीट धरतच नाही. नायलॉनचं झाकण चालतं, पण 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून खरखरीत केलेलं. मग काळ्या रेझिनचा हात द्यायचा, तो बोटाला चिकटेल इतपत सुकला की कापड बसवायचं आणि वरून पारदर्शक रेझिनचे थर. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, वजन करून घाला. अंदाजाने ओतलेलं रेझिन कधीकधी कडक होतच नाही.

खरी अडचण उष्णतेची. साधं इपॉक्सी साधारण 60 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, म्हणून जास्त तापमान सोसणारंच घ्या. एक्झॉस्टजवळचे भाग सोडून द्या. कार्बनमधून वीज वाहते; बॅटरीच्या टर्मिनलांजवळ ते नकोच. घासताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसांना वाईट.