एका थेंबाची करामत

अपघात होऊन तीन आठवडे लोटले आहेत. मोडकी मोटार आवारात एका बाजूला ढकलून ठेवली आहे, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. आणि एके दिवशी ती आपली आपण पेट घेते! भुताटकीच्या गोष्टीत शोभेल असा हा प्रकार २०११ च्या जून महिन्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात खरोखर घडला. मोटारीचे नाव शेव्हरोले व्होल्ट. सरकारी सुरक्षा चाचणीसाठी मे महिन्यात ती मुद्दाम कुशीकडून एका खांबावर आदळली होती. वेग ताशी अवघा ३२ किलोमीटर. मग तिला उलटीपालटी करूनही पाहिले. या आदळआपटीत बॅटरीच्या पेटीला इजा झाली आणि बॅटरी थंड राखणारे द्रव आत झिरपले. बॅटरीतील वीज कुणी उतरवून ठेवली नव्हती. तीन आठवडे ते द्रव आत आपले काम करीत राहिले आणि अखेर गाडी जळाली ती शेजारच्या गाड्यांनाही घेऊन!

बॅटरीला थंडावा हवा कशाला, असे कुणी विचारील. लिथियमच्या बॅटरीचा स्वभाव थेट आपल्यासारखाच आहे. पंधरा ते पस्तीस अंश तापमानात ती खुषीत असते. त्याहून फार तापली की तिचे आयुष्य घटते. निसानने २०१० साली आणलेल्या ‘लीफ’मध्ये अशी द्रवाची सोय नव्हती, २०१२ साली अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी उन्हात राहणाऱ्या मालकांनी बॅटरी लवकर म्हातारी झाल्याची ओरड केली. आज बहुतेक विजेच्या मोटारींत पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, म्हणजेच कूलंट, पंपाने बॅटरीखालच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांतून फिरवतात.

पेट्रोलच्या गाडीत हे द्रव गळले, तर ती बोंब ठोकून सांगते. बोरघाटात बॉनेट उघडून वाफेकडे हताशपणे पाहणारे प्रवासी कुणी पाहिले नाहीत? विजेच्या गाडीची गळती मात्र मुकी असते. द्रव बाहेर रस्त्यावर पडले तर एक वेळ ठीक. पेटीच्या आत पडले, तर तेथे चारशे व्होल्टचा दाब वाटच पाहत असतो. साध्या कूलंटमधून वीज वाहते. तिच्यामुळे पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, धातू झिजतो, आणि विजेला नको ती आडवाट सापडते.

म्हणून पाहणी करायची ती अगदी साध्या गोष्टीपासून. गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीवरील दोन रेघा पाहाव्यात आणि पातळी तारखेसह टिपून ठेवावी. पातळी उतरली की वर थोडे ओतून ‘चला, झाले काम’ म्हणणारा मेस्त्री गोड बोलतो, पण तो रोग झाकतो. गाडीखाली ओल दिसली म्हणून लगेच घाबरूही नये. वातानुकूलन यंत्राचे पाणीही तेथेच ठिबकते. ते स्वच्छ असते, तर कूलंट रंगीत आणि बोटाला बुळबुळीत लागते. त्याची चव मात्र चुकूनही पाहू नये! ग्लायकॉल गोड असते आणि विषारीही. कुत्री-मांजरे त्यालाच फसतात. नळ्यांच्या जोडांवर वाळलेले रंगीत किंवा पांढुरके डाग दिसले, तर चोर तेथेच आहे असे समजावे.

डोळ्यांना काही सापडले नाही, तर दाबाची परीक्षा. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो. बॅटरीला तसे न्हाऊ घालता येत नाही. मग टाकीच्या तोंडाला हातपंप लावून आत हवेचा दाब द्यायचा, तोटी बंद करायची आणि काट्याकडे पाहत बसायचे. दाब किती, ते त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते; उत्साहाच्या भरात जास्त दिला, तर नसलेली गळती आपणच निर्माण करून ठेवू.

काटा उतरला म्हणजे गळती आहेच, असेही नाही. समजा, आतील हवेचा एकूण दाब २ बार आहे आणि तापमान २७ अंश. दुपारी चाचणी सुरू केली, सावली आली आणि हवा एका अंशाने निवली, तरी दाब सुमारे ७ मिलिबारने घटतो. म्हणजे थेंबही न गळता काटा हलला! यासाठी गाडी आधी स्थिरावू द्यायची आणि तापमानही टिपायचे. दाब खरोखरच उतरत असेल, तर बॅटरीच्या नळ्या वेगळ्या काढून तिची एकटीची परीक्षा घ्यायची. रेडिएटर गळतो की बॅटरी, हे तेव्हाच कळते. कारखान्यात याहून बारीक छिद्रे हुडकण्यासाठी हेलियम वायू वापरतात.

शेवटची परीक्षा विजेची. गाडीतील यंत्रणा विजेची बाजू आणि गाडीचे अंग यांच्यामधला रोध सतत मोजत असते. व्होल्टमागे निदान १०० ओहम रोध हवा, असा एकदिश विजेसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. चारशे व्होल्टच्या गाडीला हे ४० हजार ओहम झाले. हा आकडा दिवसेंदिवस उतरू लागला, तर पेटीत ओल शिरल्याची शंका घ्यावी. नारिंगी तारांना मात्र शिकलेल्या कारागिराखेरीज कुणी हात लावू नये.

व्होल्टच्या कर्त्यांनी जानेवारी २०१२ मध्ये तीन उपाय जाहीर केले. बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला, टाकीत पातळी सांगणारा संवेदक बसवला आणि टाकीच्या तोंडावर अशी पट्टी लावली की कुणाला नको तितके द्रव ओतताच येऊ नये. त्याच महिन्यात सरकारने आपली चौकशी मिटवली.

दुरुस्तीनंतर नवे कूलंट भरताना आधी नळ्यांतील हवा ओढून घेतात. तरी एखादा बुडबुडा दडून राहतोच. तो बाहेर पडला की दोन-चार दिवसांत पातळी किंचित खाली येते. मालक धावत गॅरेजात येतो. मेस्त्रीने त्या दिवशी चहा पाजावा आणि पुन्हा एकदा टाकीवरची रेघ पाहावी.